दार शपथेआधी उघडावे

मद्यासक्तीच्या उपचारांत ‘आधी शपथ, मग मदत’ हा क्रम अनेक ठिकाणी रूढ आहे. परंतु दारू कमी करावी की सोडावी, आणि सोडायची तर कशी, हे केवळ निर्धारावर सोपवता येत नाही, त्यासाठी शरीर दारूवर कितपत अवलंबून आहे हे आधी तपासावे लागते. ज्याला असे अवलंबित्व जडलेले नाही, त्याच्यासोबत आठवड्याचा हिशेब ठेवत प्रमाण कमी करता येते. मात्र सकाळी चहाचा कप उचलताना ज्याचा हात थरथरतो आणि दारूच्या पहिल्या घोटानंतरच स्थिरावतो, त्याची दारू अचानक तोडल्यास विथड्रॉवल, म्हणजे दारू थांबल्यावर शरीरात उसळणारी प्रतिक्रिया, फिट्स किंवा जीवघेणा भ्रम या थराला जाऊ शकते. म्हणून त्याला डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे आणि थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, देणे आवश्यक ठरते.

अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणतेतरी उपचार मिळाले होते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील कलम १८ लिंग, लैंगिक कल, धर्म, जात, वर्ग यांवरून भेदभाव न करता उपचार मिळण्याचा हक्क देते, तर कलम २२ रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा.

झाशीत या हक्कांची कसोटी रोज लागते, कारण येथील बाह्यरुग्ण विभागात दतिया-टीकमगढकडचा बुंदेली बोलणारा मजूर येऊ शकतो, तशीच नेवाळकर राजघराण्याच्या काळापासून येथे स्थिरावलेल्या एखाद्या मराठी घरातील सूनही. आणि ती दारूचे नाव न काढता झोप लागत नाही एवढेच सांगत असेल, तर सोबतच्या नातेवाइकांना क्षणभर बाहेर बसवून तिच्याशी एकांतात बोलल्याशिवाय खरे दुखणे कळत नाही. १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग उभारला, तो याच जाणिवेतून. प्रत्येक शहरात असा विभाग लगेच उभा राहणार नाही, पण एकांत, समजणारी भाषा आणि ‘दारुडा’ या शब्दाला मज्जाव, एवढे कोणत्याही केंद्राला आजच जमण्यासारखे आहे. स्लिप होऊन, म्हणजे पुन्हा पिऊन, परतलेल्या रुग्णाच्या केसपेपरवर ‘उपचार फसले’ असे न लिहिता तो आधी किती दिवस टिकला याची नोंद करावी, कारण पुढचा उपचार त्या दिवसांच्याच आधारावर उभा राहतो.