दुखणाईत मित्र व गांवची सावड

आपल्या मासिकांत बियाणें, खतें व बाजारभाव यांविषयीं लेख नेहमीं येतात. त्यांत दुखण्याचा विषय कशास, असें कोणी विचारील. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां शेंकडों फेरफार माझ्या नजरेखालून गेले. त्यांत रक्कम असे, घेणाराचें नांव असे. जमीन कां गेली हें मात्र कोठेंहि लिहिलेलें नसे. तथापि गांव ओळखीचें असलें म्हणजे कारण कळे. नापिकी, लग्नकार्य व भाऊबंदकी यांच्या पंक्तीस आतां दुखणेंहि येऊन बसलें आहे.

माझे एक बालमित्र चार एकरांचे खातेदार आहेत. त्यांचीं दोन्हीं मूत्रपिंडें निकामी झालीं आहेत. आठवड्यांतून तीन वेळां त्यांस शहरीं जाऊन यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावें लागतें. एका वेळेस चार तास लागतात, व जाण्यायेण्यांत सारा दिवस सरतो. त्यांच्या पत्नी आपलें एक मूत्रपिंड देण्यास सिद्ध झाल्या आहेत. परंतु शस्त्रक्रिया एकदां झाली तरी पुढील औषधें जन्मभर घ्यावीं लागतात. गेल्या महिन्यांत त्यांनीं मजजवळ विहिरीचें शेत विकण्याची गोष्ट काढली. विहिरीचें शेत गेल्यावर मनुष्य वांचला तरी खाणार काय?

सरकारी योजना आहे ना, असें कित्येक म्हणतात. आहे, व तिचा लाभ अवश्य घ्यावा. २०१२ सालीं निराळ्या नांवानें निघालेल्या, व आतां महात्मा ज्योतिराव फुले यांचें नांव असलेल्या जनआरोग्य योजनेची मर्यादा २०२३ च्या निर्णयानें कुटुंबास दरसाल ५ लाख रुपये झाली. धर्मादाय रुग्णालयांतहि शेंकडा १० खाटा निर्धनांस मोफत व १० खाटा दुर्बळांस सवलतीनें राखून ठेवाव्या लागतात. पण महिनोन्महिन्यांचें गाडीभाडें, सोबत्याचा शहरांतील मुक्काम व बुडालेला हंगाम हीं कोणत्या योजनेंत बसणार?

मदतीची गोष्ट काढतांच मित्र म्हणाले, "हात पसरण्यापेक्षां शेत विकलेलें बरें." हा बाणा शेतकऱ्यास शोभतो, पण येथें तो अस्थानीं आहे. माझे वडील अंथरुणास खिळले त्या सालीं याच मित्रांनीं आमची पेरणी करून दिली. ती भीक होती असें मला कधींहि वाटलें नाहीं; ती सावड होती. सावड फेडावयाचीच असते, व आज माझी पाळी आहे.

१८७५ सालीं सुप्यास शेतकऱ्यांनीं सावकारांचे दस्तऐवज जाळले. १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, व १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा. सावकारी पाशांतून शेतकऱ्यास सोडवावें हा या कायद्यांचा हेतु होता. दुखण्याच्या कर्जांत ज्याच्यावर राग धरावा असा सावकारहि समोर नसतो. म्हणून शेजाऱ्यांनींच आधीं उभें राहिलें पाहिजे.

करावें काय, तें थोडक्यांत सांगतों. प्रथम कागद. उत्पन्नाचा दाखला व शिधापत्रिका हीं दुखणेकऱ्यानें रांगेंत उभें राहून मिळवूं नयेत. लिहितां-वाचतां येणाऱ्या शेजाऱ्यानें तें काम अंगावर घ्यावें. दुसरें शेत. नांगरट, पेरणी व काढणी गांवानें सावडीनें उरकावी, म्हणजे घरांत धान्य येईल व पड जमिनीवर गिऱ्हाइकाची नजर जाणार नाहीं. तिसरा पैसा. एकदां मोठी रक्कम देऊन मोकळें होऊं नये. औषध जन्मभराचें आहे, तेव्हां सुगीस एका पोत्याची किंमत दरसाल द्यावी. खातें दोघांच्या सहीचें असावें, प्रत्येक रुपयाची पावती व्हावी, व जमाखर्च दरमहा चारचौघांत वाचावा. देणाराचा विश्वास व घेणाराची अब्रू या दोहोंचें रक्षण चोख हिशेबानेंच होतें.

माझ्या पेन्शनींतून दरमहा कांहीं रक्कम मीं लावून घेतली आहे, व पुढील पेरणीस आमच्या वाडीचीं सात घरें येणार आहेत. शेत विकण्याची गोष्ट तूर्त थांबली आहे.

वाचकहो, आपल्याहि गांवीं असा एखादा उंबरा असेल. तेथें खरेदीखताचा कागद पोहोंचण्यापूर्वीं आपण जावें, एवढीच विनंती.