मार्च एंडच्या आधी एकदा सीपीयू उघडून बघा

मार्च एंड आला की आपल्याकडे शाळा-कॉलेजांत, पतसंस्थांत, कार्यालयांत एक ठराव हमखास होतो. "जुने संगणक कालबाह्य झाल्याने निर्लेखित करून नवीन खरेदी करणे." सूचक, अनुमोदक, चहा, सही. यंदा तर आयतं कारण हाताशी आहे: विंडोज १० बंद झालं.

पहिलं म्हणजे, ते बंद झालेलं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचा मोफत सपोर्ट थांबवला. म्हणजे सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या आपोआप येणं थांबलं. हा धोका खराच आहे. पगारपत्रकं, मुलांची माहिती असलेलं मशीन तसंच नेटवर सोडून देणं चूक आहे. पण त्यावर इलाज एकच, तो म्हणजे सगळं भंगारात, हे कुणी ठरवलं? ज्याला नवीन विकायचंय त्यानेच ना?

विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. ही पिढी २०१७ मध्ये आली. म्हणजे २०१६ चं धडधाकट मशीनसुद्धा 'अपात्र'. पण अपात्र म्हणजे नादुरुस्त नव्हे. हा फरक खरेदी समितीला कुणी सांगत नाही.

आणि हेही सांगत नाही की शैक्षणिक संस्थांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेट ठेवलेत. पहिल्या वर्षी एका मशीनला १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी ४. तीन वर्षांचे मिळून ७ डॉलर, म्हणजे सहाशे-साडेसहाशे रुपये. घरगुती वापरासाठीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सोय आहे. किती ठरावांमध्ये याचा उल्लेख आहे, बघा बरं.

आता मुद्द्याचं. जुनं वाढवायचं की नवीन बांधायचं, हे कसं ठरवायचं?

सीपीयू उघडा. आधी धूळ काढा. आपल्या मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पंख्यावर धुळीचा थर बसला की प्रोसेसर तापतो आणि स्वतःहून हळू होतो. मदरबोर्डवरचा बटण सेल बघा. तो संपला की तारीख मागे जाते, वेबसाइट उघडत नाहीत आणि आपण म्हणतो "नेट खराब झालं". चाळीस-पन्नास रुपयांचा सेल!

मग टास्क मॅनेजर लावा. डिस्क सारखी १०० टक्क्यांवर असेल तर दोष जुन्या फिरत्या हार्डडिस्कचा आहे. तिथे एसएसडी टाका. रॅम ४ जीबी असेल तर ८ करा. शाळेच्या, ऑफिसच्या कामाला बहुतेक वेळा एवढं पुरतं.

नवीन कधी बांधायचं? प्रोसेसरच बदलावा लागत असेल तेव्हा. कारण नवा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डवर बसत नाही. बोर्ड बदलला की डीडीआर३ रॅम चालत नाही. एसएमपीएस जुना असेल तर तोही जातो. शेवटी उरतो पत्र्याचा डबा. हा अपग्रेड नाही, हप्त्याहप्त्याने नवीन घेणं आहे. तिथे सरळ नवीन घ्या. व्हिडिओ एडिटिंग, कॅडवाल्यांना जुन्याला ठिगळं लावून बसा असं मी म्हणत नाही.

हिशेब करू. २० मशीनची लॅब. नवीन मशीन ४० हजारांना धरलं तर ८ लाख. जुन्यावर ५ हजार खर्च धरला तर १ लाख. मधले ७ लाख कुणाचे? आपले. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात ७ लाख असे उडवायचे?

त्यात रॅम कडाडलीय. एआयच्या सर्व्हरसाठी कंपन्यांनी उत्पादन तिकडे वळवलं. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला क्रुशियल हा किरकोळ विक्रीचा ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. नवीन मशीन घ्यायला सगळ्यात वाईट वेळ हीच, आणि आपण लॉटने घ्यायला निघालोय. जुन्या मशीनमधली चालू रॅम किलोच्या भावाने देऊन!

"पण लिनक्स कुणाला येतं?" हा ठरलेला प्रश्न. केरळच्या सरकारी शाळांमधल्या लॅब गेली कित्येक वर्षं लिनक्सवर चालतात. तिथली काईट ही सरकारी संस्था उबुंटूवर आधारलेली आवृत्ती मुलांसाठी बनवते. तिथल्या मुलांना येतं, आमच्या कन्नड-सोयगावच्या मुलांना येणार नाही? सी-डॅकचं बॉस लिनक्स आहेच. युनिकोड इन्स्क्रिप्ट मराठी तर लिनक्सवर विनासायास चालते.

अडचणी आहेत, त्या लपवायच्या नाहीत. श्रीलिपी आणि पेजमेकरवर बसलेला गुलमंडीचा डीटीपीवाला, टॅलीवाला अकाउंटंट, डिजिटल सहीचा टोकन आणि अंगठ्याचं मशीन लावणारं सेवा केंद्र यांना विंडोज लागणार. त्यांनी विंडोज ठेवावं. पण टायपिंग, ब्राउझर आणि फॉर्म भरणं एवढंच चालणाऱ्या लॅबला त्यांचं कारण पुढे करू नका.

मागणी साधी आहे. कुठल्याही सार्वजनिक संस्थेने निर्लेखनाच्या ठरावाला प्रत्येक मशीनची नोंद जोडावी: प्रोसेसरची पिढी, रॅम, डिस्क, नेमका बिघाड. निदान एका मशीनवर एसएसडी लावून बघावी. तपासणी पुरवठादाराकडून नको. शहरात शासकीय तंत्रनिकेतन आहे, आयटीआय आहे, विद्यापीठाच्या आवारात नायलिट आहे. तिथल्या मुलांना हेच काम शिकायचंय. सुधारलेली मशीन लॅब नसलेल्या जिल्हा परिषद शाळांना द्या. जे खरंच मेलंय ते ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जाऊ द्या, भंगारवाल्याच्या हातगाडीवर नको. आणि देण्याआधी डिस्क पुसा. त्यात आपल्याच मुलांचे आधार नंबर असतात.

तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीवर असाल, पतसंस्थेचे सभासद असाल, तर पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: "साहेब, एक तरी सीपीयू उघडून बघितला का?" उत्तर आलं की इथे कमेंटमध्ये टाका. संस्थेचं नाव नको, उत्तर पुरे.