उसना पाना

"सर, कायले हात घालता? मेकॅनिक आहे नं!" हे वाक्य आमच्या कन्हानात उठता-बसता ऐकू येते. नळ गळू दे, सायकलची चेन उतरू दे, उत्तर हेच. आणि विषय मोटारसायकलच्या ब्रेकचा असेल तर मग विचारूच नका! जणू ब्रेक म्हणजे मंदिराचा गाभारा, आत फक्त पुजाऱ्यानेच जायचे.

आज मला या वाक्याशीच भांडायचे आहे. घरापासून लांब, दुसऱ्याचे पाने मागून घेऊन आपल्या गाडीची डिस्क बदलणे हे वेडे धाडस नाही. न समजता बदलणे हे धाडस आहे, आणि झिजलेल्या डिस्कवर तशीच गाडी दामटणे हे त्याहून मोठे. ती समज आपल्याकडे नाही, कारण ना शाळेने दिली, ना कंपनीने.

एक घडलेली गोष्ट सांगतो. मागच्या हिवाळ्यात माझा भाचा जबलपूरहून कन्हानला मोटारसायकलने येत होता. सिवनीच्या अलीकडे पुढच्या ब्रेकमधून खरखर आवाज येऊ लागला, लिव्हर बोटांत थरथरू लागली. पाहतो तर पॅड पार संपलेले, आणि लोखंडाने लोखंड घासून डिस्कवर नांगरटीसारख्या रेघा पडलेल्या. पुढे कुरईचा घाट. कोळसा नि वाळूचे ट्रक पाहत आम्ही कन्हानकर मोठे झालो, त्यामुळे महामार्गावर ब्रेक लागला नाही तर काय होते ते आम्हाला कुणी शिकवायला नको. तिथल्या एका सर्व्हिस सेंटरने सांगितले, "पार्ट मागवावा लागेल, चार दिवस लागतील, गाडी ठेवून जा."

भाच्याने नागपुरातल्या मित्राला सांगून डिस्क, पॅड आणि नवे बोल्ट बसने मागवले. ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानातून एलन की आणि रिंग पाने मागितले. इंजिनखाली लाकडी ठोकळा लावून, दुकानदाराच्या देखत, दोन तासांत काम केले. थोडे अंतर हळू चालवून परत उतरला, बोल्ट पुन्हा तपासले, मगच घाट उतरला. दुसऱ्या दिवशी नागपुरात टॉर्क रेंच लावून प्रत्येक बोल्टचा कस पाहून घेतला.

घरी सगळ्यांनी त्याला झापले. "जिवाशी खेळ आहे हा!" मला गंमत वाटली ती अशी, की झापणाऱ्यांपैकी दोघांच्या स्वतःच्या गाड्यांचे ब्रेक वर्षभर किंचाळत आहेत. त्यांना कुणी झापत नाही! पाना हातात घेतला की बेजबाबदार, आणि किंचाळणारा ब्रेक घेऊन बायको-पोरांना डबलसीट नेले की गृहस्थ. हा कुठला न्याय?

आता "ब्रेकचे काम जाणकारानेच करावे" या आक्षेपाकडे येतो. मान्य! शंभर टक्के मान्य. पण जाणकार म्हणजे कोण? अंगावर कंपनीचा शर्ट असलेला तो जाणकार, असे आपण धरून चालतो. मी जाणकार त्याला म्हणेन ज्याला पुढच्या गोष्टी ठाऊक आहेत. चाक काढून ठेवताना ते डिस्कवर आडवे टेकवायचे नाही. कॅलिपर बाहेर असताना ब्रेकची लिव्हर चुकूनही दाबायची नाही, नाहीतर पिस्टन बाहेर येतो. पिस्टन मागे ढकलताना वरच्या टाकीतले ब्रेक ऑइल उतू जाऊ शकते, आणि ते रंग खाते. डिस्कवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने हवा. हबची बसक जागा गंज काढून साफ हवी, नाहीतर नवी डिस्कही डुलते. बोल्ट एकाआड एक, समोरासमोरचे, थोडेथोडे आवळायचे. नव्या डिस्कला तेलकट हात लागला तर ती पुसून कोरडी करायची, आणि जुने पॅड तिच्यावर चढवायचे नाहीत. सगळे झाल्यावर लिव्हर कडक होईपर्यंत दाबत राहायचे, आणि मगच गाडी हलवायची. शेवटची ही पायरी विसरणारा पहिल्याच वळणावर रिकामी लिव्हर दाबतो.

बघा, यात गूढ काय आहे? दहावीच्या मुलाला एका तासिकेत समजावता येईल असे हे ज्ञान आहे. आणि जाणकारालाच हेही ठाऊक असते की कुठे थांबायचे. बोल्टचे आटे गेलेले असतील, फोर्क वाकलेला असेल, नळीतून तेल गळत असेल, किंवा एबीएसच्या यंत्रणेत हवा शिरली असेल, तर पाने परत करावेत आणि गाडी टेम्पोत टाकावी. उसने साधन चालते, पण चुकीचे साधन चालत नाही. एलन कीच्या जागी ठोकून बसवलेला स्क्रू ड्रायव्हर, नव्या बोल्टच्या जागी तारेचा वेढा, याला आपल्याकडे कौतुकाने 'जुगाड' म्हणतात. ब्रेकच्या बाबतीत त्या शब्दाला मी शिवी समजतो.

कंपन्यांचे म्हणाल तर राजदूत-येझदीच्या काळात मालकाने गाडी उघडावी हे गृहीत होते. आज सीटखालच्या पिशवीत जे दोन पाने मिळतात त्यांनी बहुतेक गाड्यांच्या डिस्कचे बोल्ट हलणारही नाहीत. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड ठोठावला होता. ठपका होता तो सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात न दिल्याचा. प्रकरण पुढे अपिलात गेले, आणि त्या कंपन्या चारचाकीवाल्या होत्या हेही खरे. पण दुखणे तेच. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या नावाचे पोर्टल सुरू केले, त्यात वाहनांचाही समावेश आहे. चांगले आहे. पण हक्क कागदावर असून भागत नाही, तो बजावणारा हात लागतो.

आणि हात तयार करायचे काम माझ्या बिरादरीचे होते, म्हणून मी तिलाही सोडणार नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला, म्हणजे आमच्या विदर्भातच, शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षण देणारी 'नई तालीम' पुढे आली. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये कार्यानुभवाची शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा 'दप्तराविना दिवस' सांगितले. कागद उत्तम! प्रत्यक्षात कार्यानुभवाची तासिका गणिताला दिली जाते, आणि मुले कागदाची फुले घरून करून आणतात. हाताला काळे लागले की माणूस 'कमी शिकलेला' ही समजूत आम्ही शिक्षकांनीच जोपासली. खंडेनवमीला आपण हत्यारे पूजतो, दसऱ्याला मोटारसायकलला झेंडूचा हार घालतो. पण हाराखाली असलेल्या डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, तो किती जणांनी वाचला आहे? त्या आकड्याखाली डिस्क गेली की ती बदलायची, एवढा साधा नियम आहे.

अकरावीच्या प्रयोगशाळेत मुले स्क्रू गेजने तारेची जाडी मोजतात, दहा गुण मिळवतात नि विसरतात. त्याच स्क्रू गेजने वडिलांच्या गाडीची डिस्क मोजता येते. व्हर्निअर इथे फसवतो, कारण पॅड जिथे पोचत नाहीत त्या कडेला न झिजलेली कोर उरते आणि व्हर्निअर तिच्यावर टेकून जास्त जाडी दाखवतो. भौतिकशास्त्राचा याहून चांगला धडा कुठला?

म्हणून शाळेत अजून नोकरीत असलेल्या मित्रांना माझी विनंती आहे. जवळच्या गॅरेजमध्ये जा. भंगारात टाकलेल्या डिस्क दोन-चार मागून आणा, कुणी नाही म्हणणार नाही. मुलांना त्या मोजू द्या. एक जुने चाक आणा, बोल्ट काढू नि आवळू द्या. पाने नसतील तर तेही त्याच गॅरेजमधून उसने आणा, आणि काम झाल्यावर मुलांकडून पुसून, मोजून परत पाठवा. ट्रॅक्टरच्या दुकानदाराने भाच्याला परक्या गावात पाने दिले, कारण पाना कसा धरायचा हे पोराला कळते, हे त्याला दोन मिनिटांत दिसले. आपल्या मुलांना पाहूनही कुणाला तसे वाटावे, एवढे तरी आपल्याकडून व्हायला हवे.