विळ्यासारखी वाकणारी पेशी

चोपडा, यावल, शिरपूर तालुक्यांतल्या सातपुड्याच्या पाड्यांवर हे दुखणे नवे नाही. थंडी पडली की पोराचे सांधे ठणकू लागतात, डोळे पिवळे दिसतात, शाळा बुडते. कोणी बाहेरची बाधा म्हणतो, कोणी वाताचे औषध देतो. रक्त तपासले म्हणजे कळते, की हा सिकलसेल.

निरोगी तांबडी पेशी गोल, लवचिक असते व सुमारे १२० दिवस जगते. या आजारात ती विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि १० ते २० दिवसांत मरते. अडकते म्हणून वेदना, लवकर मरते म्हणून अंगात रक्त कमी.

दोष कोठे असतो? सातबाऱ्याचेच उदाहरण घ्या. मूळ दप्तर तलाठ्याकडे, आपल्या हाती उतारा. शरीराचे दप्तर म्हणजे डी.एन.ए. आणि उतारा म्हणजे आर.एन.ए. उताऱ्याबरहुकूम पेशी हिमोग्लोबिन बनवते. येथे दप्तरातच एक अक्षर चुकलेले, म्हणून जन्मभर उतारा चुकीचाच निघतो.

शास्त्रज्ञांनी आता आर.एन.ए.ला मोजणीदाराचे काम दिले आहे. सुमारे २० अक्षरांचा तुकडा दप्तरातली नेमकी जागा शोधतो व सोबतचे प्रथिन तेथे काप घेते. गंमत अशी, की चुकलेल्या अक्षराला हातच लावत नाहीत. पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन निराळे असते, ते जन्मानंतर हळूहळू बंद पडते. बंद करणारी कळ कापली की ते पुन्हा बनते आणि पेशी वाकत नाही. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये व अमेरिकेने डिसेंबरात या उपचाराला परवानगी दिली. अमेरिकेतली किंमत मात्र २२ लाख डॉलर! आपल्याकडे दिल्लीच्या सी.एस.आय.आर.च्या संस्थेने नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘बिरसा १०१’ हा याच जातीचा देशी उपचार पुढे आणला. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट त्यात भागीदार आहे. तो पाड्यावर पोहोचायला वेळ लागेल.

तेव्हा सोयरीक जुळवताना पत्रिकेआधी रक्त पाहा. वाहक माणूस बहुधा धडधाकट असतो, शेतात राबतो, त्याला स्वतःलाच पत्ता नसतो. पण नवराबायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणी मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. यात सुनेचा एकटीचा दोष कधीच नसतो, हे सासूबाईंनी ध्यानात घ्यावे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी धरली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. घरात आजारी मूल असेल तर त्याला पाणी भरपूर पाजा, थंडीत उबेत ठेवा, आणि डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरिया दिले असेल तर नव्या उपचाराची बातमी ऐकून ते बंद करू नका.