वजनं उचलली की कोलेस्टेरॉल उतरतं?

कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट बिघडला की सल्ला ठरलेला: तेल-तूप कमी करा, रोज चाला. वजनं उचलणं म्हणजे तरण्या पोरांची दंड फुगवायची हौस, हृदयाला त्याचा काय उपयोग, असं चालण्याचे कट्टर पुरस्कर्ते ठामपणे सांगतात.

उपयोग आहे, आणि तो मोजलाही गेला आहे. २००९ साली केली आणि केली या संशोधकांनी २९ चाचण्यांमधले, तेराशेहून अधिक प्रौढांचे आकडे एकत्र तपासले. टप्प्याटप्प्याने भार वाढवत केलेल्या व्यायामाने एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, दर डेसिलिटरमागे सरासरी सहा मिलिग्रॅमने उतरलं, ट्रायग्लिसराइड आठने. ‘चांगलं’ एचडीएल मात्र जवळपास होतं तिथेच राहिलं.

यावर ‘एवढंसंच?’ असं कुणी विचारलं, तर तो आक्षेप रास्तच आहे. एलडीएलची ही घट पाच टक्क्यांच्या आत, तर स्टॅटिनच्या मध्यम मात्रेने ते तीस टक्के किंवा त्याहून जास्त उतरतं. म्हणून ‘जिम लावा, गोळी सोडा’ म्हणणारा ट्रेनर त्या पुरस्कर्त्यांहून घातक. त्याने वर अॅनाबॉलिक स्टिरॉइडची इंजेक्शनं सुचवली, तर बघायलाच नको. त्या इंजेक्शनांनी एचडीएल कोसळतं आणि एलडीएल चढतं.

तरीही वजनं उचलायचीच, कारण प्रश्न स्नायूंचाही आहे. स्नायूंच्या केशवाहिन्यांत लायपोप्रोटीन लायपेज नावाचं विकर रक्तातलं ट्रायग्लिसराइड फोडतं आणि ती चरबी स्नायू जाळतात. आपल्याकडे नेमके स्नायूच कमी. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांची तुलना २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. दोघांचा बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. ‘मी तर बारीक आहे’ या समाधानाला यापेक्षा चोख उत्तर नाही. महाराष्ट्रासह तीन राज्यं आणि चंडीगढमधल्या आयसीएमआरच्या पाहणीत ७२ टक्के लोकांचं एचडीएल कमी आणि जवळपास ३० टक्क्यांचं ट्रायग्लिसराइड जास्त आढळलं.

तेव्हा चालणं सोडू नये, गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये, आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते तसे आठवड्यातले निदान दोन दिवस स्नायूंना द्यावेत. महागडं जिम परवडत नसेल, तर घरच्या घरी जोर-बैठका काढाव्यात.