‘फ्रोझनच करा’ हा सल्ला सरसकट नको

लग्नाला पाच-सात वर्षं झाली, दिवस जात नाहीत, म्हणून मंठा, परतूर, घनसावंगीकडची जोडपी जालन्याला तपासण्या करतात आणि मग साठ किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरचा रस्ता धरतात. टेस्ट ट्यूब बेबीच्या दवाखान्यात त्यांच्या कानावर हल्ली एक वाक्य हमखास पडतं : ‘‘फ्रेश नको, फ्रोझनच करू, रिझल्ट चांगला येतो.’’ म्हणजे भ्रूण लगेच गर्भाशयात न ठेवता आधी गोठवायचा, मग ठेवायचा. घरी आल्यावर सासूबाईंचं दुसरं वाक्य तयार असतं : ‘‘बर्फात ठेवलेलं लेकरू धड निपजंल का?’’ मला ही दोन्ही वाक्यं खोडायची आहेत. सासूबाईंचं आधी, कारण ते लवकर आटोपतं.

बर्फ तिथं नसतोच, उलट बर्फ होऊ नये म्हणूनच सगळा आटापिटा असतो. पाचव्या दिवशीचा भ्रूण म्हणजे शंभर-दोनशे पेशींचा गोळा, टाचणीच्या टोकाहूनही बारीक. पेशींतलं बरंचसं पाणी काढून त्या जागी संरक्षक द्रावण मुरवतात. प्लास्टिकच्या काडीच्या टोकावर जेमतेम दिसेल न दिसेल एवढ्या थेंबात तो भ्रूण ठेवतात आणि काडी थेट उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवतात. हे इतक्या वेगानं घडतं की पाण्याचे स्फटिक बनायला अवधीच मिळत नाही; द्रावण काचेसारखं घट्ट होतं. त्या तापमानाला पेशींतली सगळी घडामोड थांबलेली असते. तिथं शिळं होणं नाही. गोठवलेल्या भ्रूणातून जन्मलेली मुलं फ्रेशच्या तुलनेत वजनानं कमी नसतात, किंचित जास्तच भरतात. ‘शिळ्या’ गर्भाची भीती घालून सुनेला छळणाऱ्यांना यापुढे आधार नाही.

आणि ही कला आपल्याला परकी नाही. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात जन्मलेली दुर्गा ही गोठवून ठेवलेल्या भ्रूणातून आली. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी तो भ्रूण ५३ दिवस गोठवून ठेवला होता. परदेशात असं पहिलं मूल जन्मलं ते १९८४ साली, ऑस्ट्रेलियात. मुखोपाध्यायांवर सरकारी चौकशी समितीनं अविश्वास दाखवला, त्यांची बदली डोळ्यांच्या विभागात झाली आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. त्यांना न्याय मिळाला तो मुंबईच्या माणसामुळे. परळच्या संशोधन संस्थेतले डॉ. टी. सी. आनंदकुमार आणि डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात हर्षा जन्मली होती. देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिचं नाव लागलं होतं. त्याच आनंदकुमारांनी मुखोपाध्यायांच्या वह्या वाचल्या आणि १९९७ साली जाहीर लिहिलं की पहिला मान त्यांचा. स्वतःच्या डोक्यावरचा मुकुट पुरावा पाहून उतरवून ठेवणारा हा माणूस या क्षेत्रात आज कुणाला आठवतो की नाही, कोण जाणे. पुरावा पाहून बोलायची ती रीत मात्र ‘फ्रोझनच’ म्हणणाऱ्यांना लावायलाच हवी.

त्यांची बाजू आधी नीट मांडतो, कारण ती पोकळ नाही. अंडी जास्त यावीत म्हणून आठ-दहा दिवस इंजेक्शनं दिली जातात. त्यानं शरीरातली संप्रेरकं नेहमीच्या कितीतरी पट वाढतात, गर्भाशयाचं अस्तर भ्रूणाशी वेळ साधू शकत नाही. शिवाय काही जणींच्या अंडाशयांना सूज येते, पोटात पाणी साचतं, दम लागतो. त्यातच गर्भ राहिला तर ही सूज आणखी बळावते. म्हणून भ्रूण गोठवायचे, शरीराला महिना-दोन महिने विसावा द्यायचा आणि मग रोपण करायचं.

पीसीओडी असलेल्या बाईला हे सगळं तंतोतंत लागू पडतं. चीनमध्ये अशा १,५०८ स्त्रियांवर झालेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या रोपणानंतर जिवंत मूल हाती आलं ते फ्रोझन गटात ४९.३ टक्के, फ्रेश गटात ४२ टक्के. अंडाशयाच्या सुजेचं प्रमाण फ्रेशमध्ये ७.१ टक्के होतं, फ्रोझनमध्ये १.३. रात्री दोन वाजता पोट फुगून श्वास कोंडला तर मंठ्याहून मोठा दवाखाना किती लांब आहे, हे ज्याला ठाऊक आहे तो या आकड्याला हलकं म्हणणार नाही. अशा बाईचे भ्रूण गोठवलेच पाहिजेत.

प्रश्न ‘सगळ्याच बायांचे’ या म्हणण्याचा आहे. ज्यांना पाळी नियमित येते, अंडं फुटतं, अशा २,१५७ स्त्रियांचा अभ्यास २०१८ साली चीनमध्येच झाला : फ्रोझन ४८.७ टक्के, फ्रेश ५०.२. म्हणजे फरक नाही. त्याच वर्षी व्हिएतनामच्या अभ्यासातही पीसीओडी नसलेल्यांमध्ये फरक दिसला नाही. ब्रिटनमधल्या २०२२च्या अभ्यासात निरोगी मूल होण्याचं प्रमाण फ्रेशकडे २४.४ टक्के आणि फ्रोझनकडे २०.३ होतं, हा फरक ठाम म्हणण्याइतका नाही, पण फ्रोझनच्या बाजूनं तर मुळीच नाही. आणि जिची अंडी मुळातच कमी निघतात, जिला डॉक्टर ‘रिझर्व्ह कमी आहे’ म्हणतात, तिच्यासाठी २०२५ साली आलेला निष्कर्ष स्पष्ट आहे : फ्रेश ४० टक्के, फ्रोझन ३२. पस्तिशी ओलांडलेली, तीन-चार अंडी हाती लागलेली बाई ‘रिझल्ट चांगला येतो’ म्हणून थांबवली जाते, तेव्हा तिच्या पदरातलं काढून घेतलं जातं.

विरोधी पुरावाही आहे आणि तो झाकणं बरोबर नाही. २०१९च्या एका चिनी अभ्यासात एकच पाचव्या दिवशीचा भ्रूण ठेवला तेव्हा फ्रोझनमध्ये ५० टक्के आणि फ्रेशमध्ये ४० टक्के स्त्रियांना मूल झालं. पण त्याच अभ्यासातली दुसरी ओळ दवाखान्याच्या भिंतीवरच्या तक्त्यात सहसा दिसत नाही : गरोदरपणात रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिनं जाण्याचा विकार, प्रीएक्लॅम्प्सिया, फ्रोझनमध्ये ३.१ टक्के आणि फ्रेशमध्ये १. पीसीओडीच्या २०१६च्या अभ्यासातही ४.४ विरुद्ध १.४. त्याकडे वळण्याआधी तक्त्याचंच बघू.

‘साठ टक्के सक्सेस’ हे साठ कशातले? जालना ही बियाण्यांची नगरी, इथल्या शेतकऱ्याला हे शिकवायला नको. पिशवीवर उगवणशक्ती छापलेली असते, सोयाबीनला किमान ७० टक्के. आणि ती मोजताना पेरलेले सगळे दाणे धरतात, फक्त टरारून वर आलेले नाहीत. दवाखान्यात मात्र हिशेब रोपणापासून सुरू होतो. समजा शंभर जणींनी इंजेक्शनं सुरू केली. काहींची अंडी निघालीच नाहीत, काहींचे भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत टिकले नाहीत, एखादीचा गोठवलेला भ्रूण पूर्ववत करताना गेला. उरलेल्या सत्तर जणींचं रोपण झालं, त्यांतल्या पस्तीस जणींचा बीटा, म्हणजे गर्भ राहिल्याची रक्ततपासणी, पॉझिटिव्ह आला. तक्त्यावर ‘पन्नास टक्के’. पण त्या पस्तिसांतही काहींचे गर्भ पुढे टिकत नाहीत. पंचवीस घरांत पाळणा हलला, तर सुरुवातीच्या शंभरातला खरा आकडा पंचवीस. फ्रोझनची तुलना इथंच फसवी होते : गोठवायला भ्रूण उरतात ते मुळात जास्त अंडी निघालेल्या, नशीब आधीच थोडं बरं असलेल्या बायकांचे. श्रेय मात्र गोठवण्याला मिळतं.

मग आग्रह का? एक कारण वैद्यकीय आहे, ते वर मान्य केलं. दुसरं वेळापत्रकाचं आहे. सगळ्यांचे भ्रूण गोठवले आणि अस्तर गोळ्यांनी तयार केलं की रोपणाची तारीख दवाखाना ठरवतो. रविवार टळतो, भ्रूणतज्ज्ञ बाहेरून येत असेल तर दहा जणींची कामं एका दिवसात उरकतात. सोय म्हणून ही गोष्ट वाईट नाही. सोयीला ‘रिझल्ट’ म्हणणं वाईट आहे.

रक्तदाबाचा धागा याच गोळ्यांशी जोडलेला आहे. पाळीच्या नैसर्गिक चक्रात अंडं फुटल्यावर त्या जागी पीतपिंड तयार होतो आणि तो गरोदर शरीराच्या रक्तवाहिन्यांना सैलावणारे पदार्थ सोडतो. गोळ्यांच्या चक्रात अंडं फुटतच नाही, म्हणून पीतपिंडही नसतो. अशा गरोदरपणांत रक्तदाबाचा विकार जास्त आढळतो, हे अनेक देशांच्या नोंदींतून पुढे आलं आहे. मूल होण्याचं प्रमाण मात्र घटत नाही : २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या व्हिएतनामच्या अभ्यासात, पाळी नियमित असलेल्यांमध्ये नैसर्गिक चक्र आणि गोळ्यांचं चक्र यांत जिवंत बाळांचं प्रमाण जवळपास सारखं होतं. मुखोपाध्यायांनीही दुर्गेचा भ्रूण नैसर्गिक चक्रातच ठेवला होता.

यावर आक्षेप येतो : नैसर्गिक चक्रात तीन-चार सोनोग्राफ्या लागतात, जालन्याच्या खेड्यातली बाई एवढे हेलपाटे कसे घालणार? आक्षेप खरा आहे, उत्तरही अवघड नाही. अंडं केव्हा फुटणार ते बघण्यासाठी संभाजीनगर गाठावं लागत नाही. ती सोनोग्राफी जालन्यात, अंबडला होते, रिपोर्ट मोबाईलवर जातो. मोठ्या केंद्रात यायचं ते फक्त रोपणाच्या दिवशी. दोन दवाखान्यांनी एकमेकांशी बोलायची तयारी ठेवली की झालं.

त्याहून कठीण गोष्ट पुढची. उपचार घेतल्याचं लपवलं जातं. भावकीत कळू नये म्हणून बाई आशाताईलाही सांगत नाही, उपकेंद्रात ‘आपोआप राहिलं’ म्हणते. मग माता-बाल कार्डावर कसलीच नोंद नसते आणि आठव्या महिन्यात पायांवर सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी आली की जालन्याच्या महिला रुग्णालयात धावपळ होते. रोपण करणाऱ्या केंद्राचं काम बीटा पॉझिटिव्ह आला की संपतं, हा समज मोडायला हवा. पत्र हवं : भ्रूण गोठवलेला, चक्र गोळ्यांचं की नैसर्गिक, किती भ्रूण ठेवले. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी होतेच. हे पत्र तिथं दाखवलं तर रक्तदाब आणि लघवी दर खेपेला काटेकोर बघितली जाईल, आणि ॲस्पिरिनची बारीक गोळी द्यायची की नाही हे डॉक्टर चौथ्या महिन्याच्या आत ठरवू शकतील. गुपित राखायचं असेल तर तेही राखता येतं. डॉक्टरला सांगणं म्हणजे गावाला सांगणं नव्हे.

कायदा जोडप्याच्या बाजूचा आहे. २०२१च्या सहायक प्रजनन कायद्यानुसार केंद्रानं यशाची शक्यता, फायदे-तोटे, खर्च, दुष्परिणाम आणि जुळं-तिळं राहण्याचा धोका समजावून सांगणं बंधनकारक आहे. भ्रूण दहा वर्षांपर्यंत साठवता येतात. म्हणजे ‘‘माझ्यासारख्या, माझ्या वयाच्या किती जणींनी इंजेक्शनं सुरू केली आणि किती जणी बाळ घेऊन घरी गेल्या?’’ हा प्रश्न उद्धटपणा नाही, हक्क आहे. आणि हा हक्क लाखांचं बिल भरू शकणाऱ्यांपुरता राहू नये. गोव्यानं २०२३ साली बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात ही सेवा मोफत सुरू केली. मराठवाड्यात संभाजीनगरच्या घाटीसारखं सरकारी रुग्णालय असताना इथल्या कापूस-मोसंबीवाल्यांनी शेत गहाण टाकून उपचार घ्यावेत, हे मला मान्य नाही.

शेवटचा आक्षेप मला सगळ्यांत जास्त खुपतो : ‘‘खेड्यातल्या बाईला एवढं सांगून काय कळणार?’’ ती रोज ठरल्या वेळी स्वतःच्या पोटात इंजेक्शन टोचून घेते. लाईट गेल्यावर औषधाची कुपी बर्फाच्या डब्यात हलवते. पाळीच्या तारखा, अस्तराची जाडी, आजवरचा खर्च तिला तोंडपाठ असतो. तिच्यापुढे कागदावर चार आकडे मांडा : फ्रेश, फ्रोझन, रक्तदाब, खर्च. निवड ती करेल.