जुने ते सोने? छे, उघडते ते सोने!

'जुने ते सोने' असे आपण तोंडाने म्हणतो आणि बाजारात गेलो की नवे ते घेऊन येतो. मित्रहो, यातले खरे कोणते, हा प्रश्न गेल्या वर्षी मला एका साठ मिनिटांच्या कॅसेटने घातला.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. आजीला तर सहीसुद्धा येत नव्हती. पण ओव्या तिला मुखोद्गत. १९९६ साली आत्याच्या लग्नात, हळद दळताना तिने म्हटलेल्या ओव्या वडिलांनी घरच्या टू-इन-वनवर टेप केल्या. माझ्या जन्माआधीच आजी गेली. पुढे तो टू-इन-वनही भंगारात गेला. आजीच्या हातचा एक कागद घरात नाही. आहे तो फक्त हा आवाज, आणि तोही कित्येक वर्षे ट्रंकेत मुका पडलेला.

मला यंत्रांचा नाद भारी. गोल पिनेचा कीबोर्ड, रबरी गोळीचा माऊस, एकाच कानात वाजणारे हेडफोन असा माझा संसार आहे. आई त्याला सरळ 'भंगार' म्हणते. पुण्याच्या जुन्या बाजारात मला एक बंद टू-इन-वन मिळाला. तो मी तालुक्याच्या गावी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेला. काकांनी मागचे स्क्रू काढले आणि यंत्राचे पोट माझ्यासमोर उघडले. मोटार फिरत होती, पण रबरी पट्टा विरघळून डांबरासारखा चिकट झाला होता. काकांनी नवा पट्टा चढवला, स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसले. तरी आवाज घोंगडीखालून आल्यासारखा! कारण टेप झाली एका यंत्रावर आणि वाजत होती दुसऱ्याच. हेडची फट फितीला अचूक काटकोनात यावी लागते. काकांनी हेडशेजारचा बारीक स्क्रू कणभर फिरवला मात्र, जात्याची घरघर आणि बांगड्यांची किणकिण स्वच्छ ऐकू आली.

त्या संध्याकाळी कॅसेट घरी लावली. पहिली ओवी सुरू होताच वडील उठून अंगणात गेले. पण अकरा मिनिटांनी ओवी मध्येच तुटली आणि सिनेमाचे गाणे सुरू झाले. कॅसेटच्या पाठीवरच्या दोन प्लास्टिकच्या टिकल्या तोडल्या की तिच्यावर पुन्हा टेप करता येत नाही, हे आमच्या घरी कोणाला ठाऊक नव्हते. उरलेली आजी त्या गाण्याखाली कायमची पुसली गेली.

ही अकरा मिनिटे तरी संगणकात उतरवायची, असे मी ठरवले. मित्राच्या लॅपटॉपला एकच भोक, तेही हेडफोन आणि माइक मिळून. माझ्या मोबाईलला तर भोकच नाही. शेवटी उपयोगी पडला कॉलेजमधला कोपऱ्यातला जुना डेस्कटॉप. त्याच्या पाठीला तीन रंगांची भोके असतात. मी अज्ञानाने वायर गुलाबी भोकात खुपसली, तर आवाज फाटला. गुलाबी भोक माइकच्या नाजूक आवाजासाठी, टेपसाठी निळे. निळ्यात घालताच काम फत्ते! ऑडॅसिटी हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम, सेकंदाला ४४,१०० नमुने, आणि आजीची अकरा मिनिटे शंभर एमबीहून जराशा अधिक जागेत बसली.

आता दुसरी बाजू. 'कमवा व शिका' योजनेच्या पैशांतून मी बिनवायरीचे इअरबड घेतले होते. दीड वर्षात त्यातला एक मुका झाला. तो काकांपुढे ठेवला, तर भिंगातून पाहून ते म्हणाले, "पोरा, याला स्क्रूच नाही. सगळे चिकटवलेले. उघडू कुठून?" आतला इवलासा सेल म्हातारा झाला की सगळी वस्तू कचऱ्यात!

म्हणून नवे ते वाईट, असे मी म्हणणार नाही. माझ्या गोळीच्या माऊसमध्ये दर आठवड्याला मळ साचतो, प्रकाशावर चालणाऱ्या माऊसला ती कटकट नाही. कॅसेटची प्रत काढली की दर प्रतीला खरखर वाढते. संगणकातली फाईल मात्र शंभरदा उतरवा, जशीच्या तशी. सुरतेच्या आत्याने आपल्या आईचा आवाज ऐकला तो नव्या मोबाईलवरच. तेव्हा भांडण जुन्या-नव्याचे नाही. वस्तू उघडते की नाही, एवढाच प्रश्न आहे. जी उघडते ती गरिबाला परवडते, आणि गावातल्या कारागिराच्या चुलीवर भांडे चढते. जी उघडत नाही ती पैसे मोजूनही आपली होत नाही.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती ग्राहकाला खुली करावी, हा त्यामागचा हेतू. हेतू उत्तमच, पण जी वस्तू मुळात चिकटवूनच बनवली, तिथे माहिती घेऊन काका काय करणार? वस्तू उघडेल अशीच बनवली पाहिजे, अशी मागणी आपण गिऱ्हाइकांनीच केली पाहिजे.

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. माझी आजी त्यांना भेटली नाही. अशा न भेटलेल्या आज्या आपल्यापैकी कितीतरी जणांच्या ट्रंकांत असतील. म्हणून कॉलेजला माझी नम्र सूचना आहे : तो जुना डेस्कटॉप भंगारात काढू नये. ग्रंथालयात त्याच्याशेजारी एक टू-इन-वन ठेवावा आणि विद्यार्थ्यांना घरच्या कॅसेट उतरवून घेऊ द्याव्यात. यंत्राचा पट्टा बदलायला मी येईन. तुम्ही मात्र आज घरी गेल्याबरोबर आपल्या कॅसेटच्या त्या दोन टिकल्या तोडा!